पॅराशूट डोक्याला लावा नाहीतर फोडणीला घाला, सरकारला काय त्याचं?

१८ डिसेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की खोबरेल तेल छोट्या बाटलीत आहे एवढ्यावरून कर लावताना ते केसांचं तेल धरायचं नाही, आणि लगेच आमच्या सगळ्या ग्रुपवर एकच जोक, चला आता पॅराशूटमध्ये भजी तळा. जोकपर्यंत ठीक होतं हो, पण त्याच्याखाली जी सिरियस चर्चा सुरू झाली ती अजून अधूनमधून डोकं वर काढते आणि प्रत्येक वेळी भलत्याच वाटेने जाते. एका बाजूचं म्हणणं असं की आख्खा महाराष्ट्र हे तेल डोक्याला थापतो, कंपनीने टॅक्स वाचवायला ‘खायचं तेल’ म्हणून सांगितलं आणि कोर्टाने ते ऐकून घेतलं. दुसरी बाजू म्हणते केरळात जाऊन बघा, तिथे मासे याच तेलात तळतात. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तिसरी मंडळी आलीयेत, त्यांचं म्हणणं केसांच्या तेलालाही आता ५ टक्केच जीएसटी झालाय, विषय संपला, कशाला उगाळताय.

मला तिघांचंही पटत नाही. पहिले दोघं भांडतायत ते तेल घरात गेल्यावर कुठे जातं यावर, डोक्यावर का कढईत. माझं म्हणणं असं की कर ठरवताना हे बघायचंच नसतं. बाटलीत काय आहे आणि बाटलीवर काय लिहिलंय एवढं बघा आणि कर लावा, पुढे ते तेल मी मिशांना लावीन नाहीतर देवापुढच्या दिव्यात घालीन. कोर्टाने जवळपास हेच सांगितलं आणि ते बरोबर सांगितलं. तिसऱ्या मंडळींकडे शेवटी येतो.

आधी प्रकरण काय होतं ते थोडक्यात, कारण जोक फॉरवर्ड करणाऱ्या दहातल्या नऊ जणांनी ते वाचलेलं नसतं. २००५ साली एक्साइजचं, म्हणजे जीएसटीच्या आधी मालावर लागणाऱ्या केंद्राच्या कराचं, नवं टॅरिफ आलं, कुठल्या वस्तूला किती कर याची आठ आकडी कोडवाली यादी. त्यात १५१३ हा खोबऱ्याच्या तेलाचा कप्पा आणि ३३०५ हा केसांना लावायच्या पदार्थांचा कप्पा. एक्साइज खात्याचं म्हणणं पडलं की छोट्या बाटलीतलं, छोट्या पाउचमधलं खोबरेल हे केसांसाठीच विकलं जातं, म्हणून ते ३३०५ मध्ये टाका आणि जास्त कर भरा. २००९ ला तर परिपत्रकच निघालं की २०० मिलीपर्यंतचं पॅकिंग म्हणजे केसांचं तेल समजा. २०१५ ला ते परिपत्रक मागे घेतलं, पण तोवर नोटिसा, अपिलं, ट्रिब्युनल सगळं सुरू झालेलं होतं. २०१८ ला प्रकरण सुप्रीम कोर्टात दोन न्यायमूर्तींसमोर आलं आणि दोघांचं जमलं नाही, न्या. रंजन गोगोई म्हणाले खाद्यतेल, न्या. आर. भानुमती म्हणाल्या छोट्या पॅकिंगमधलं केसांचं तेल. मग तीन जणांचं बेंच, तेव्हाचे सरन्यायाधीश संजीव खन्ना, न्या. संजय कुमार आणि न्या. आर. महादेवन, आणि त्यांनी निकाल दिला की शुद्ध खोबरेल हे छोट्या बाटलीत असलं तरी १५१३ मध्येच, जोवर लेबलवर ते केसांचं तेल म्हणून विकलेलं नाही तोवर. जीएसटी आल्यावरही कप्पे हेच राहिले, १५१३ ला ५ टक्के आणि ३३०५ ला १८ टक्के होते. तेरा टक्क्यांचा फरक. एवढ्यासाठी लोक वीस वर्षं भांडणार नाहीत तर काय करतील?

आता विरोधी बाजूचं जे खरोखर दमदार आहे ते मान्य करतो. मी घाटावरचा माणूस. आमच्याकडे खोबरेल स्वयंपाकघरात नसतंच, ते असतं आरशाच्या फळीवर, कंगव्याशेजारी. थंडीत थिजलं की बाटली उन्हात ठेवायची नाहीतर गरम पाण्याच्या तांब्यात उभी करायची, आणि आजी पुढ्यात बसवून खसाखसा चोळायची. तेलाची फोडणी म्हणजे शेंगदाणा, करडई, नंतरच्या काळात सोयाबीन. खोबरेलात कुणी पुरी तळली असती तर आईने घराबाहेर काढलं असतं. जगात पॅराशूट म्हटलं की विमानातून उडी मारणारा सैनिक आठवत असेल, निवडणुकीच्या दिवसात पेपरवाल्यांना बाहेरून आणलेला उमेदवार आठवतो, पण आपल्याकडे आधी निळी बाटलीच डोळ्यासमोर येते आणि त्या बाटलीचा संबंध आपल्या डोक्यात केसांशीच आहे. हे कंपनीला माहीत नाही असं कोण म्हणेल? पॅराशूट बनवणारी मॅरिको मुंबईचीच कंपनी, घराघरात हे तेल कुठल्या फळीवर असतं ते तिला आपल्यापेक्षा जास्त माहीत असणार. त्याच नावाचं वेगळं सुगंधी केसांचं तेल ती विकते आणि त्यावर केसांचं तेल म्हणून लिहितेही. साध्या निळ्या बाटलीवर मात्र शुद्ध खोबरेल, फूड लायसनचा नंबर आणि हिरवा ठिपका. हे हुशारीने केलंय, योगायोगाने नाही, हे पण मान्य.

(मॅरिकोचे संस्थापक हर्ष मारीवालांनी स्वतः सांगितलेली एक गोष्ट आहे. खोबरेल पूर्वी पत्र्याच्या डब्यात यायचं. प्लास्टिकच्या बाटलीत आणायचं ठरवलं तर दुकानदार घ्यायला तयार नाहीत, कारण आधी कुणीतरी चौकोनी प्लास्टिकच्या बाटल्या आणल्या होत्या आणि त्या उंदरांनी कुरतडून सगळीकडे तेल केलं होतं. मग गोल बाटली केली, म्हणजे उंदराला दात रोवायला कोपरा मिळत नाही, आणि चक्क उंदरांच्या पिंजऱ्यात ठेवून टेस्ट केली. एक्साइज खात्याला काहीही वाटो, हे तेल खायचं आहे याबद्दल उंदरांना कधीच शंका नव्हती.)

आणखी एक मुद्दा मान्य करायला हवा, आणि तो कायद्याचा आहे. टॅरिफच्या ३३ व्या प्रकरणात टीप आहे, तिचा अर्थ साधारण असा की जी वस्तू त्या वापराला योग्य आहे आणि त्या वापरासाठी किरकोळीत विकतात तशा पॅकिंगमध्ये भरलीये ती या कप्प्यात येते. खातं म्हणत होतं, बघा, १०० मिलीची बाटली, झाकणाला बारीक भोक, हे केसांच्या तेलाचं पॅकिंग नाही तर कशाचं? न्या. भानुमतींचं मत उगाच आलेलं नव्हतं. आणि जो बिचारा आवळ्याचं, बदामाचं तेल करून सरळ ‘हेअर ऑइल’ लिहून विकतो तो सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के भरत होता आणि शेजारच्याच शेल्फवर, त्याच गिऱ्हाइकाला, त्याच कामासाठी विकलं जाणारं खोबरेल ५ टक्क्यांत सुटत होतं, ही तक्रार खोटी आहे असं मला म्हणता येणार नाही.

मग तरी मी कोर्टाच्या बाजूने का? पहिलं कारण म्हणजे हे भांडण ‘खायचं का लावायचं’ असं जे रंगवलं गेलं ते मुळात टॅरिफमध्ये नाहीच. १५१३ चा कप्पा उघडून वाचा. तिथे खोबऱ्याचं तेल असं लिहिलंय, रिफाइन केलेलं असो वा नसो. ‘खाण्यासाठी’ हा शब्द तिथे नाही. म्हणजे खोबरेल त्या कप्प्यात बसायला ते कुणी खाल्लंच पाहिजे अशी अटच नाही. वस्तूला तिच्या स्वतःच्या नावाचा कप्पा असताना तिला तिथून उचलून दुसरीकडे न्यायचं असेल तर सबळ पुरावा खात्याने द्यायचा असतो, गिऱ्हाइकाने नाही. बाटली छोटी आहे हा पुरावा कसा होईल? छोट्या बाटलीत खायचं तेलही विकतात की.

यावर लगेच उत्तर येतं, अहो पण कर लावताना सामान्य माणूस काय समजतो ते बघायचं असतं, बॉटनीचं पुस्तक किंवा कंपनीचं लेबल नाही. बरोबर आहे, आणि या तत्त्वाचा इतिहास तर आपल्या विदर्भातूनच जातो. अकोल्याच्या विक्रीकर अधिकाऱ्याविरुद्ध एक केस सुप्रीम कोर्टात गेली होती, १९६१ चा निकाल, प्रश्न असा की विड्याचं पान ही भाजी आहे का, कारण भाजीला करमाफी होती. पान हिरवं असतं, वेलीवर उगवतं, वनस्पती तर आहेच. कोर्ट म्हणालं बाजारात भाजी आणायला गेलेला माणूस विड्याची पानं घेऊन घरी येत नाही, सबब भाजी नाही. अमेरिकेत १८९३ ला टोमॅटोवरून हेच झालं, शास्त्राप्रमाणे फळ असलं तरी लोक ते जेवणात भाजी म्हणून खातात, शेवटी गोड म्हणून नाही, तर आयातशुल्कासाठी ती भाजी. नागपूरच्याच एक्साइज कलेक्टरकडून वर गेलेली बैद्यनाथच्या लाल दंतमंजनाची केस १९९५ ला अशीच गेली, लोक त्याला औषध समजत नाहीत, दात घासायची पावडर समजतात. आणि विकोवाल्यांनी मात्र तेच भांडण दशकानुदशकं लढून २००४ ला जिंकलं, टर्मरिक क्रीम आणि वज्रदंती ही कॉस्मेटिक नव्हेत, आयुर्वेदिक औषधंच. दंतमंजन हरलं, वज्रदंती जिंकली, आता यातून सामान्य माणसाने काय समजायचं ते त्यालाच माहीत.

पण या सगळ्या केसेसमध्ये एक गोष्ट बघा. टोमॅटोचं काय होतं, त्याचा वापर बघितला हे खरंच. पण तो बघितला टोमॅटो या जातीसाठी, एका गिऱ्हाइकाच्या पिशवीसाठी नाही. टोमॅटो भाजी ठरला की तो पाव किलो घेतला तरी भाजी आणि ट्रकभर घेतला तरी भाजी. पाव किलो घेणारा सॅलडमध्ये घालतो म्हणून पाव किलोचा कर वेगळा असं त्या कोर्टाने म्हटलं नाही. खोबरेलाच्या बाबतीत खात्याला नेमकं हेच हवं होतं. एकाच घाण्यातून निघालेलं तेल, डब्यात भरलं तर खोबरेल आणि बाटलीत भरलं तर हेअर ऑइल. विड्याचं पान पंचवीसच्या गड्डीत वेगळं आणि हजाराच्या करंडीत वेगळं असं अकोल्याचा विक्रीकर अधिकारीसुद्धा म्हणाला नव्हता.

आणि सामान्य माणूस म्हणजे कुठला? माझी आजी की केरळातल्या अलेप्पीची आजी? कारवारला जा, गोव्यात जा, तिकडच्या सारस्वतांच्या आणि ख्रिश्चनांच्या घरांत खोबरेल कपाटातून आरशाच्या फळीवर गेलेलंच नाही, डाळीवर वरून कच्चं घालतात आणि त्या वासाशिवाय त्यांना जेवल्यासारखं वाटत नाही. एक्साइज हा केंद्राचा कायदा, जीएसटी आख्ख्या देशाचा. सांगलीच्या सवयीवर अलेप्पीच्या माणसाने कर भरायचा का? आपल्याला वाटतं आपण करतो तेच नॉर्मल. पुण्यात बसून ‘कोण खातं हो खोबरेल’ असं विचारणाऱ्या माणसाला तळकोकणातलाच एखादा माणूस हसेल, केरळपर्यंत जायची गरजच नाही.

आता साइझचा मुद्दा, जो मला सगळ्यात जास्त खटकतो. छोटी बाटली म्हणजे केसांची, हे कुणी ठरवलं? ज्याने महिन्याचं वाणसामान एकदम भरलंय त्याने. रोजंदारीवरचा माणूस वाण्याकडून तेल, साखर, चहापावडर सगळंच रोजच्या रोज थोडं थोडं नेतो, त्याचं सगळं आयुष्यच छोट्या पुडीत असतं. कोर्टानेही हे म्हटलंय की छोटं पॅकिंग घ्यायला पैशाची अडचण हे एक साधं कारण असू शकतं. खात्याचं मानलं असतं तर एक लिटरची बाटली घेणारा ५ टक्के भरणार आणि दहा रुपयांची छोटी बाटली घेणारी बाई १८ टक्के, तेल तेच. याला कर म्हणायचं का गरीब असल्याचा दंड? आणि गंमत म्हणजे आकडासुद्धा स्थिर नाही. २००९ ला २०० मिली. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये जीएसटी कौन्सिलपुढे प्रस्ताव आला तेव्हा एक लिटरच्या आतलं सगळं खोबरेल १८ टक्क्यांत न्यायचं होतं, केरळने विरोध केला आणि ते लांबणीवर पडलं. बारा वर्षांत केसांची बाटली पाचपट मोठी झाली, आपले केस काही तेवढे वाढले नाहीत. जो निकष वसुलीच्या गरजेप्रमाणे लांबवता येतो तो निकष कसला?

कुणी म्हणेल की वापराप्रमाणे दर वेगळा असं सरकार कितीतरी ठिकाणी करतं, मग इथेच का नको. करतं की. घरगुती सिलिंडर वेगळा, हॉटेलचा वेगळा. घरची वीज वेगळी, दुकानाची वेगळी. पण तिथे सरकारने काय केलंय बघा, सिलिंडरचं वजन आणि रंग वेगळा केला, मीटर वेगळा बसवला. रेशनचं रॉकेल निळं केलं, म्हणजे ते ट्रकच्या टाकीत सापडलं की चोरी उघडी. कारखान्याला कमी करात स्पिरिट द्यायचं तर त्यात असं काही मिसळलं की ते पिता येऊ नये. म्हणजे वापरावर कर लावायचा असेल तर आधी वस्तूमध्येच फरक करावा लागतो किंवा तिच्यावर तशी खूण करावी लागते, हे इंग्रजांच्या काळापासून माहीत असलेलं शहाणपण आहे. खोबरेलात असला काही फरक नाही. तीच बाटली तान्ह्या बाळाच्या मालिशला, टाचांच्या भेगांना, फुटलेल्या ओठांना, कुरकुरणाऱ्या बिजागरीला सुद्धा. मग टक्केवारी काढायला इन्स्पेक्टर काय न्हाणीघरात उभा करणार?

आणि समजा खातं जिंकलं असतं तर? याचा विचार मी फार कमी ठिकाणी वाचला. आज बाटलीवर खाद्यतेल म्हणून लायसन आहे म्हणजे आतलं तेल खाण्याच्या दर्जाचं असणं कंपनीला कायद्याने बंधनकारक आहे. हेअर ऑइल म्हटलं की नियम कॉस्मेटिकचे. केसांच्या अनेक तेलांच्या मागे बारीक अक्षरात वाचा, लिक्विड पॅराफिन सापडेल, म्हणजे खनिज तेल, आणि ते तिथे कायदेशीर आहे. उद्या छोट्या बाटलीला १८ टक्के भरायचेच आहेत असं ठरलं असतं तर आत शंभर टक्के खोबरेल ठेवायला कुठल्या कंपनीला काय कारण उरलं असतं? भेसळ न करताही, सरळ लेबलावर लिहून स्वस्त तेल मिसळता आलं असतं. माझ्या आजीला काही कळलं नसतं, फक्त थंडीत बाटली थिजायची बंद झाली असती. कंपनीने कर वाचवायला का होईना जो दर्जा गळ्यात बांधून घेतलाय तो गिऱ्हाइकाच्या फायद्याचा आहे, कंपनीचा हेतू पवित्र नव्हता म्हणून तो फायदा खोटा ठरत नाही.

राहिला तो आवळा तेलवाला, त्याच्यावर अन्याय झालाच. पण त्याच्यावरचा अन्याय खोबरेलाला १८ वर नेऊन कसा मिटणार होता? डोक्याला तेल लावणं ही काय चैन आहे? १८ टक्के लावायला ते काय एसी आहे का मोटार? चूक होती ती दोन दरांतल्या दरीत. आणि ही दरी जिथे जिथे आहे तिथे तिथे हेच होतं. हा निकाल लागला त्यानंतर तीन दिवसांनी, २१ डिसेंबरला, जैसलमेरला जीएसटी कौन्सिल बसली आणि पॉपकॉर्नवर खुलासा आला, सुटे खारे ५ टक्के, पॅकबंद १२, कॅरॅमलचे १८. त्याआधी २०२० ला कर्नाटकात परोटा म्हणजे रोटी नव्हे, १८ टक्के, असा आदेश निघाला होता. लोक हसले, पण अधिकाऱ्यांना मी फार दोष देणार नाही, त्यांच्या हातात दिलेली पट्टीच तशी होती. दर चार असले की प्रत्येक वस्तू आपण स्वस्त कप्प्यातले आहोत म्हणून भांडणार आणि प्रत्येक अधिकारी तिला महाग कप्प्यात ढकलणार, यात नवल काय?

आता ती तिसरी मंडळी, विषय संपलावाले. सप्टेंबर २०२५ ला केसांचं तेल ५ टक्क्यांवर आलं, परोटा, रोटी तर शून्यावर, चांगलंच झालं. पण दर सारखा झाला म्हणून तत्त्व ठरलं असं होत नाही. दर उद्या परत वेगळे होऊ शकतात, कौन्सिलची एक बैठक पुरते, आणि ५ व १८ ही दोन घरं अजून शेजारी शेजारी आहेतच, वर ४० चं तिसरं आलंय. तेव्हा परत कुणीतरी परिपत्रक काढेल की अमुक ग्रॅमच्या आतला मध म्हणजे औषध आणि तमुक मिलीच्या आतलं गुलाबपाणी म्हणजे कॉस्मेटिक, आणि आपण परत कोण काय खातं यावर भांडत बसू. निकालातला जो मुद्दा आहे, पॅकिंगच्या आकारावरून वापर गृहीत धरू नका, लेबल वाचा, तो टॅरिफच्या टिपेत स्वच्छ शब्दांत घालून टाकायला काय हरकत आहे? दोन ओळींचं काम आहे.

शिवाय मागची वर्षं कुठे गेली? २००५ पासून जीएसटी येईपर्यंतच्या नोटिसा ज्यांना लागल्या त्यात नुसती एक मोठी कंपनी नव्हती, तिला बाटल्या भरून देणारे जॉब वर्कर होते, दक्षिणेतले छोटे ब्रँड होते. मोठ्या कंपनीला वीस वर्षं वकील परवडतो. ज्याचा धंदाच तेल भरून द्यायचा आहे त्याने डोक्यावर ती मागणी घेऊन बँकेकडे कर्ज मागायला कसं जायचं, हे २००९ चं परिपत्रक काढणाऱ्यांना आणि सहा वर्षांनी ते गुपचूप मागे घेणाऱ्यांना कुणीच विचारलं नाही. आवळा तेलवाल्याने तर जुलै २०१७ पासून आठ वर्षं सरळ १८ टक्के भरले, लेबलवर खरं लिहिलं म्हणून, आणि दर कमी झाला तो २२ सप्टेंबरच्या पुढे, मागचं परत काही मिळणार नाही.